ओरोचीनं वानोची नदी मरू दिली, मग त्याचा खजिना चालत कशावर होता?

उद्यमनगरचा_मोल्डर

वन पीस या जपानी चित्रकथेतल्या वानो देशाबद्दल विचारायचंय. ज्यांनी तो भाग शेवटपर्यंत वाचला नाही त्यांनी इथंच थांबा, पुढं सगळं उघड करून लिहिलंय.

मी उद्यमनगरात एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहे. त्यामुळं वानोतले शस्त्रांचे कारखाने पानावर आले की माझं लक्ष तलवारीवरनं उडून चिमणीकडं जातं. समुद्री चाच्यांचा सरदार काइदो आणि वानोची गादी बळकावलेला ओरोची मिळून वीस वर्षं त्या देशात रात्रंदिवस धातू वितळवताहेत आणि पुढं काय झालं ते आपण बघितलंच. तामा ही छोटी पोर आपल्या वाट्याचा भात कथेचा नायक लुफीला वाढते, स्वतः भूक मारायला नदीचं पाणी पिते आणि तापानं फणफणते. ओकोबोरे गावात ओत्सुरुच्या चहाच्या दुकानात स्वच्छ पाणी म्हणजे चैन. शेजारी बाकुरा गावात अधिकारी आणि काइदोची माणसं पोटभर जेवतात, दारू पितात. मधल्या सगळ्या माळावर गवताचं पातं नाही.

लेखक ओडानं नदीचं पाणी उगाच काळं रंगवलेलं नाही. आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. नुसत्या ओतकामाला पाणी फार लागत नाही. भट्टीतनं निघते ती मळी आणि साच्याची जळकी वाळू. ती कुठंतरी ढीग मारून पडते आणि पावसाळ्यात वाहून जाते. तेही वाईटच, पण नदी खरी नासते ती पुढच्या कामांत. पत्र्यावरचा, तारेवरचा गंज ॲसिडमध्ये बुडवून काढतात ते, तापलेला जॉब तेलात-पाण्यात विझवतात ते आणि प्लेटिंगचं पाणी. त्याच्या वरच्या अंगाला खाण असली तर विचारूच नका. उदोनमध्ये कैद्यांकडनं दगड वाहून घेतात आणि त्याच्या बदल्यात एकेक दांगो, म्हणजे पिठाचा गोळा, हातावर टेकवतात. म्हणजे खाणही आहे, कारखानेही आहेत आणि शेतांना पाणी त्याच नद्यांचं.

आता माझा प्रश्न. कुठलंही जुनं राज्य घ्या, राजाचा खजिना भरतो तो शेतसाऱ्यावर. ओरोची येण्याआधी वानोत तेच असणार. कुरी, हाकुमाई, रिंगो, किबी, उदोन, प्रत्येक प्रांताला आपला दाइम्यो, म्हणजे सरदार, आणि राजधानीत सगळ्यांच्या वरचा शोगुन. त्यात कुरी तर जुन्या शोगुनच्या पोरानं, ओदेननं, हातानं घडवलेला प्रांत. आधी तिथं नुसते गुंड-पुंड होते. त्यानं त्यांना वठणीवर आणलं, कामाला लावलं, जमीन लागवडीला आणली, तेव्हा बापानं त्याला तिथला दाइम्यो केलं. म्हणजे कुरीची जमीन मुळात नापीक होती असं म्हणता येत नाही.

असं असताना ओरोचीनं सगळी शेतं मरू दिली. दाइम्यो मारले, वसूल करणारे गेले, पिकवणारी माणसं कारखान्यांत आणि खाणीत नेऊन घातली. मग राज्य चालतं कशावर? फुलांच्या राजधानीत रोज जेवणावळी, नाचगाणी, एवढे निंजा, एवढे पहारेकरी. त्यांचा पगार येतो कुठनं? ओरोची पाताळयंत्री आहे, हिशेबाला कच्चा नक्कीच नाही. यासुइए या दाइम्योच्या पदरी नोकर असताना पैशापैशावर त्याचा डोळा होता. असा माणूस स्वतःच्या उत्पन्नाचा झरा स्वतः बुजवतो हे मला पटत नाही. कुणी नीट मांडून सांगाल का?

राजारामपुरी_आठवी_गल्ली

भावा, तू त्याला राजा समजून हिशेब मांडतोयस. ओरोचीला देश चालवायचाच नव्हता, बुडवायचा होता. कुरोझुमी घराण्याचं काय झालं ते आठव. आजोबानं गादीसाठी कट केला, त्याला पोट फाडून घ्यायची शिक्षा झाली, घराणं बुडालं. तिथवर ठीक. पण नंतर ज्यांचा काही संबंध नाही अशा कुरोझुमी पोराबाळांनाही लोकांनी शोधून शोधून मारलं. ओरोची लहानपणापासनं जीव मुठीत धरून पळत होता. त्याला शेतसारा नको होता, सूड पाहिजे होता. तामाचं आजारपण त्याच्या लेखी तोटा नाहीच, ती त्याची वसुली आहे.

दुसरं म्हणजे सीमा बंद. बाहेरनं धान्याचा दाणा येत नाही, माणूस बाहेर जाऊ शकत नाही. ओदेन कायम सांगत होता, देश उघडा. त्याचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती.

शिरोळकरीण

मी नदीच्या खालच्या अंगाची आहे, त्यामुळं मला हे वाचायला जरा वेगळं जातं.

आमच्याकडं ऊस आहे, थोडा भाजीपाला आहे, पाणी पंचगंगेचं. उन्हाळ्यात वरनं पाणी कमी सुटलं की तेरवाड बंधाऱ्यावर मासे मरून वर येतात. पाण्याला फेस असतो, बंधाऱ्याच्या वर जलपर्णी इतकी दाटते की पाणी दिसत नाही. वर शहरांचं सांडपाणी आहे, कारखान्यांची मळी आहे, कापडाच्या प्रोसेसचं रंगाचं पाणी आहे. प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो. घरात आई अजून हंडा भरून ठेवते आणि तळाला काय बसतंय ते बघूनच पाणी वापरायला घेते. तामाचं ते पान आलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

तर मोल्डरदादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला बाकुराजवळच्या त्या बागायतीत दिसतं. तिला ते स्वर्गच म्हणतात. सगळ्या कुरीत तेवढाच तुकडा हिरवा आहे, पाणी चांगलं आहे, पिकतं ते ओरोचीकडं आणि काइदोच्या माणसांकडं जातं. राज्यकर्त्याला पोटापुरतं पिकवायला सगळा देश लागत नाही, एक राखलेला तुकडा पुरतो. बाकीचं रान मेलं तर त्याच्या ताटात काही कमी पडत नाही. त्याच्या डोळ्यासमोर सगळं हिरवंच असतं.

कोल्हापूर शहरासाठी काळम्मावाडी धरणातनं थेट पाइपलाइन झाली, २०२३ ला पाणी आलं. चांगलंच झालं, शहरातल्या लोकांनी किती वर्षं वाट बघितली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही. पण ज्याच्या नळाला धरणाचं पाणी येतं त्याला खालच्या नदीची घाई राहत नाही, हे आम्हाला रोज दिसतं. राजधानीतली माणसं दुष्ट नाहीत, वानोतही नाहीत. त्यांच्यापर्यंत काळं पाणी पोचतच नाही.

आणि राजारामपुरी, सूड म्हणाल तर तो सगळ्यांवर पाहिजे होता. राजधानी का झकपक ठेवली? तिथल्या लोकांनीच तर कुरोझुमींना हुडकून मारलं असणार.

उद्यमनगरचा_मोल्डर

शिरोळताई, बागायतीचा मुद्दा एकदम बरोबर. ताटाचा प्रश्न सुटला. पण ताट म्हणजे खजिना नव्हे. पहारेकऱ्याचा पगार, राजधानीतली बांधकामं, त्या जेवणावळी, याला रोकड लागते आणि ती मेलेल्या शेतातनं येणार नाही.

राजारामपुरी, सूड खरा आहे, मी नाकारत नाही. सूड कशासाठी हे सांगतो, वीस वर्षं पैसा कुठनं आला हे सांगत नाही.

पेठेतला_वाचक

हा व्यवहार आपल्या मुलखाला चांगला ओळखीचा आहे. याला तैनाती फौज म्हणतात.

१८०२ च्या डिसेंबरात वसईला दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला. होळकरांनी पुण्यातनं पळवून लावलेला पेशवा, गादी परत पाहिजे होती. कंपनीनं सांगितलं, आमची फौज तुझ्या मुलखात राहील, तुला कुणी हात लावणार नाही. खर्चापोटी २६ लाखांच्या वसुलाचा मुलूख लावून दे आणि आमच्याशिवाय बाहेर कुणाशी बोलणी करायची नाहीत. बाजीराव परत गादीवर बसला. ओरोचीचा करार यापेक्षा वेगळा काय आहे? काइदो त्याची फौज. काइदोला त्या बदल्यात शस्त्रं आणि राहायला बेट. ओरोचीला गादी आणि संरक्षण.

यातली मेख पैशात नाही, दुसरीकडं आहे. १८१७ साली थॉमस मन्रोनं गव्हर्नर जनरलला एक पत्र लिहिलं होतं. त्याचा आशय असा, की हिंदुस्थानात वाईट राजावर एक नैसर्गिक उपाय असे. दरबारात उठाव होई, प्रजा बंड करी, शेजारी चालून येई. तैनाती फौजेनं हा उपायच काढून घेतला. परकी फौज पाठीशी असल्यावर राजाला ना प्रजेची भीती, ना सरदारांची. मग तो आळशी होतो, लोभी होतो आणि मुलूख ओसाड पडतो. कंपनीचा स्वतःचा माणूस हे लिहितोय.

ओरोचीकडं या नजरेनं बघा. ओदेन गेल्यावरही सामुराई होते, दाइम्यो होते, लोकांत धग होती. काइदो नसता तर ओरोची एक पावसाळा टिकला नसता. मोल्डर, तुम्ही म्हणता राजा स्वतःच्या उत्पन्नाचा झरा कसा बुजवेल. पण राजा झरा राखतो तो नुसत्या उत्पन्नासाठी नाही, बंड होऊ नये म्हणूनही राखतो. ती भीतीच गेली होती.

शेवटही तोच होतो. १८१८ ला पेशवाई खालसा झाली. लुफी आणि सामुराईंनी हल्ला केला त्या रात्री काइदोनं भर मेजवानीत ओरोचीचं मुंडकं उडवलं आणि जाहीर केलं, आता सगळा वानो माझा, सामुराई गुलाम, देश म्हणजे एक शस्त्रांचा कारखाना. तैनाती फौजेचा धनी आज ना उद्या खालशाचा हुकूम काढतोच.

आणखी एक. कुरीच्या डोंगरात ओदेनचा जुना सामुराई आशुरा दोजी शुतेनमारु नावानं दरोडेखोर होऊन राहतो, ते वाचताना मला आपले गडकरी आठवतात. सामानगड, भुदरगडावर पिढ्यान्‌पिढ्या राखणीला असलेली माणसं, त्यांच्या पोटाला लावून दिलेल्या जमिनी. इंग्रजी अमलाखाली कारभाराची नवी घडी बसवताना त्या जमिनींना हात घातला आणि १८४४ ला गड पेटले. कागदोपत्री ते बंडखोर ठरले. राखणदाराची जमीन गेली की तो डोंगरातच जातो, दुसरं कुठं जाणार?

राजारामपुरी_आठवी_गल्ली

हे जबरदस्त आहे. तैनाती फौज शाळेत परीक्षेपुरती पाठ केली होती, वानोला लावून कधी बघितली नव्हती.

पण मग पैशाचं उत्तर सोपं झालं की. शस्त्रं विकून पैसा. काइदोची शस्त्रं डोफ्लामिंगो दलाल म्हणून जगभर विकत होता. तो पडल्यावर सीपी-झिरोवाले थेट ओरोचीच्या दरबारात आले, म्हणजे जगाच्या सरकारचीच माणसं. त्यात सागरशिळा, जादूच्या फळांची शक्ती मारणारा दगड. ती मूळ वानोची आणि घडवायचं कसब वानोच्याच कारागिरांकडं. ओरोचीची ऐट इतकी, की त्यांच्याकडं शस्त्रांच्या बदल्यात वेगापंक मागतो. जगातला सगळ्यात हुशार शास्त्रज्ञ! गिऱ्हाइकाला गरज आहे हे त्याला पक्कं माहीत होतं.

उद्यमनगरचा_मोल्डर

आता मला दिसायला लागलं. वाचक, तुमचं तैनाती फौजेचं आणि राजारामपुरीचं विक्रीचं एकत्र धरतो आणि त्यात माझ्या कामातलं एक घालतो.

जपानमध्ये जुन्या काळी लोखंड कसं काढायचे हे मी हौसेनं वाचलंय. त्या भट्टीला तातारा म्हणतात. दगडी खनिज नाही, लोहवाळू वापरायचे. एका पाळीला साधारण १० टन वाळू आणि १२ टन लाकडी कोळसा, तीन दिवस तीन रात्री भट्टी पेटती ठेवायची, भाता थांबवायचा नाही, आणि शेवटी भट्टी फोडून अडीचेक टनाचा गोळा काढायचा. त्यातला चांगला भाग तलवारीला. आमच्याकडं कपोलाला, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीला, टनामागं सव्वाशे-दीडशे किलो कोक जातो, ते आठवलं की कळतं ही भट्टी जंगल किती खात असेल.

पण महत्त्वाचं पुढं आहे. ही लोहवाळू डोंगरात सुटी मिळायची नाही. अख्खी टेकडी खणून माती पाटाच्या पाण्यात सोडायची, माती वाहून जायची, जड वाळू तळाला राहायची. वाहून गेलेली माती जायची कुठं? खालच्या नदीत, तिथनं भातखाचरांत. म्हणून इझुमो भागात आणि आसपास नियम होता, की माती धुवायची ती शेतीचा हंगाम संपल्यावर. शरदात सुरू करायची, वसंतात पेरणीच्या आधी बंद. लोखंडाचा धंदा कितीही किफायतीचा असला तरी भाताच्या दिवसांत पाट बंद.

हा नियम कुणी पाळायला लावला? तिथल्या दाइम्योंनी. ते काही फार दयाळू नव्हते. त्यांची सगळी ऐपत कोकूत मोजली जायची. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. कुणाचा दर्जा किती, पदरी शिपाई किती, दरबारात कुठं बसायचं, सगळं तांदळावर. खाचर गाळानं भरलं की दाइम्योचीच पत खाली यायची. म्हणून लोखंडवाल्याला लगाम.

ओरोचीच्या वानोत हा लगाम तुटला. त्याची पत तांदळात मोजलीच जात नाही. काइदो विचारत नाही यंदा कुरीत किती पिकलं, तो विचारतो किती तोफा ओतल्या. सीपी-झिरोही तेच विचारतो. शेतकऱ्याकडनं ओरोचीला काही यायचं राहिलेलंच नाही. म्हणजे तो उत्पन्नाचा झरा बुजवत नव्हता. त्याच्या दृष्टीनं झरा कारखान्यातच होता आणि शेतकरी म्हणजे वाया चाललेला मजूर. शेतात राबणारा माणूस त्याच्या वहीत जमेला कुठंच नाही, उदोनच्या खाणीत नेला की लगेच जमेला. नदीचंही तेच. शेताला जाणारं पाणी त्याच्यासाठी फुकट गेलेलं, कारखान्यात फिरलेलं पाणी कामी आलेलं.

सूड आहेच, राजारामपुरी. पण सूड नसता आणि गादीवर एखादा थंड डोक्याचा माणूस असता, तरी या करारात नदी मेलीच असती. मला जास्त भीती याची वाटते.

म्हणूनच राधानगरीचं धरण मला नेहमी मोठं वाटतं. शाहू महाराजांनी भोगावतीवर ते हाती घेतलं, त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही, तरी ध्यास सोडला नाही. एका बाजूला १८९५ ला शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली, १९०६ ला कापडाची गिरणी काढली, दुसऱ्या बाजूला रानाला पाणी. डोक्यावर इंग्रजांची सत्ता त्यांच्याही होती. पण राज्याची जमा रानात आहे हे त्यांनी कधी नजरेआड केलं नाही, आणि जमेच्या पलीकडं रयतेवर माया होती म्हणून तर १९१७ ला सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला. ओदेनमध्ये मला ते दिसतं. कुरीत त्यानं आधी शेतं उभी केली.

पेठेतला_वाचक

मांडणी आवडली, पण एक गाठ सुटत नाही. जपानचंच उदाहरण घ्या, आशिओची तांब्याची खाण. खाणीचं विष वातारासे नदीत उतरलं, १८९० च्या पुरानं ते शेतांवर पसरलं, खालची गावंच्या गावं नासली. तेव्हाचं मेइजी सरकार जमिनीच्या करावर मोठ्या प्रमाणात चालत होतं. तुमच्या हिशेबानं त्यानं खाणीला लगाम घालायला पाहिजे होता. घातला नाही. तनाका शोझो नावाचा लोकप्रतिनिधी वर्षानुवर्षं संसदेत ओरडत राहिला. शेवटी १९०१ ला खासदारकी सोडून तो थेट सम्राटाच्या गाडीसमोर अर्ज घेऊन धावला. तरी खाण चालूच. का? तांबं परदेशात विकलं जायचं आणि त्या पैशावर यंत्रं, शस्त्रं यायची.

त्यातला सगळ्यात वाईट भाग ऐका. नासलेल्या जमिनींना सरकारनं करमाफी दिली. दिसायला मदत. पण तेव्हा मताचा हक्क ठरावीक कर भरणाऱ्यालाच होता. कर माफ झाला आणि त्या शेतकऱ्यांचं मतच गेलं.

शिरोळकरीण

हे शेवटचं वाचून अंगावर काटा आला. कर भरत नाही म्हणून तुझं म्हणणं मोजायचं नाही. ओकोबोरेतली माणसं अगदी तीच आहेत. त्यांच्याकडनं काही घ्यायचं उरलं नाही म्हणून त्यांचं कुणी ऐकतही नाही.

एबिसु गावाचं तर त्याहून भयंकर. भुकेल्या लोकांपुढं वाया गेलेली स्माइल फळं, म्हणजे शक्ती देणारी बनावट फळं, टाकली, खाल्ल्यावर त्यांना रडता येईना, नुसतं हसू. यासुइएला वधस्तंभावर मारलं तेव्हा त्याची पोर तोको हसते आहे आणि डोळ्यांतनं पाणी चाललंय. ज्यांचं मत गेलं त्यांचं गाऱ्हाणंसुद्धा बाहेर पडत नाही.

उद्यमनगरचा_मोल्डर

वाचक, आशिओनं माझं म्हणणं मोडत नाही, अजून पक्कं होतं असं मला वाटतं. मेइजी सरकारकडं कर देणाऱ्या दुसऱ्या कितीतरी नद्या होत्या. एक खोरं बुडीत खात्यात टाकलं तरी चालत होतं. जमा नदीकाठनं हलली आणि खाणीकडं गेली की काठ बुडीत खात्यात जातो. ओरोचीनं तेच केलं, फक्त राजधानी आणि ती बागायत सोडून अख्खा देश बुडीत खात्यात टाकला.

करमाफीचं मला माहीत नव्हतं. ते डोक्यातनं जाणार नाही आता.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

पण सीमा बंद असण्याचं काय? त्यावर कुणीच बोललं नाही.

पेठेतला_वाचक

सीमा बंद म्हणून उपासमार, हे मला मान्य नाही. खरा जपान १६३० च्या दशकापासनं पेरीची जहाजं १८५३ ला येईपर्यंत जवळजवळ बंदच होता. नागासाकीला देजिमा बेटावर डच, चिनी व्यापारी, आणखी दोनचार वाटा, बस्स. तरी अठराव्या शतकात तीन कोटींच्या घरात माणसं त्याच जमिनीवर जगत होती. तेन्मेईसारखे भीषण दुष्काळ पडले, नाही असं नाही, पण देश टिकला. आणि ओरोचीचा वानो बंद होताच कुठं? शस्त्रं बाहेर जात होती, फळं आत येत होती, सरकारी दलाल येत-जात होते. बंद होता तो फक्त रयतेला.

ओदेनचा पोरगा मोमोनोसुके नवा शोगुन झाला, पण त्यानं शेवटी सीमा उघडली नाही. जुना वानो खाली पाण्यात बुडालेला, वर उंच भिंत, ती फोडणं म्हणजे उघडणं. तो थांबला हे मला शहाणपणाचं वाटतं. उपाशी, निःशस्त्र देश उघडून ठेवला की पहिला येतो तो व्यापारी नसतो.

मला खुपतो तो लुफीचा झेंडा. त्यानं मोमोला आपला झेंडा दिला, म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या जोरावरचं संरक्षण आलंच.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

नाही नाही, यावर मी भांडणार! तैनाती फौजेत मुलूख लावून द्यावा लागतो, हे तुम्हीच सांगितलं. लुफीनं काय मागितलं? काही नाही. मत्स्यमानव बेटावर व्हाइटबिअर्ड या चाच्याचा झेंडा होता तोवर बेट सुखात होतं. बिग मॉमचा आला तेव्हा महिन्याला दहा टन गोडधोड द्यायची पाळी आली. झेंडा दोन्हीकडं होता, फरक खंडणीचा. आणि लुफीची फौज वानोत बसलेली नाही, तो निघून गेला. मोमोनं उद्या वाईट राज्य केलं तर लोकांना उठाव करायला कोण अडवणार आहे? तुमच्या मन्रोची परीक्षा लावून बघा, हा झेंडा पास होतो.

पेठेतला_वाचक

हे मान्य. फौज मुलखात नाही, खंडणी नाही, बाहेर कुणाशी बोलायचं यावर बंधन नाही. तैनाती म्हणता येणार नाही.

उद्यमनगरचा_मोल्डर

मला आता पुढची काळजी आहे. मोमोनं कारखाने बंद केले तर वीस वर्षं तिथं राबलेल्या माणसांनी करायचं काय? त्यांतल्या तरुण पोरांना दुसरं कामच येत नसणार. शेती त्यांनी बघितलीच नाही.

माझं स्पष्ट मत, भट्ट्या विझवू नयेत. उदोनची खाण थांबवावी, ॲसिडचं आणि विझवणीचं पाणी नदीत सोडायचं बंद करावं, त्याला हौद बांधावेत. पण भट्टी आणि हात ठेवावेत. तोफ ओतणारा माणूस नांगराचा फाळ ओतू शकतो, रहाटाचं चाक, पंपाची बॉडी ओतू शकतो. आपलं उद्यमनगर वाढलं ते ऑइल इंजिनांवर, आणि ती इंजिनं नदीचं पाणी उसाला चढवायला लागत होती. गिऱ्हाईक शेतकरी असला की कारखानदाराला शेतकरी जगवावा लागतो. मोमोनं भट्टीचं गिऱ्हाईक बदलावं, बाकी आपोआप मागनं येईल.

शिरोळकरीण

दादा, फाळ घ्यायला शेतकऱ्याच्या हातात पैसा पाहिजे आणि रानात माती पाहिजे. विष उतरलेली माती एका पावसाळ्यात धुऊन निघत नाही. पहिले दोन हंगाम काही पिकणार नाही असं धरूनच चालायचं.

तेवढे दिवस त्या बागायतीचं धान्य कुणाला द्यायचं हे आधी ठरवा. बाकुराची कोठारं भरलेली आहेत. लुफीनं खजिन्याची होडी ओढून ओकोबोरेत नेली, एक दिवस लोक पोटभर जेवले. मोमोनं ते दोन वर्षं, गावागावांत, माणशी मापानं वाटायला पाहिजे. आणि वाटपाची यादी राजधानीतल्या माणसानं करायची नाही, ओत्सुरुनं करावी. गावात कुणाच्या घरात चूल पेटली नाही हे तिला माहीत आहे.

फाळ त्यानंतर. आणि पहिला फाळ उधारीवर.

उद्यमनगरचा_मोल्डर

उधारीवर कबूल, सुगीला फेडायचा. पण हौदांचं काम कोठारं वाटायच्या दिवशीच सुरू करायचं, दोन वर्षांनी नाही. नाहीतर धुतलेल्या मातीवर पुन्हा तेच पाणी येईल.